पाय की क्लच

जुनी गाडी घेतली की माणूस देवापुढे नारळ फोडतो आणि म्हणतो, बाबा रे, आतलं सगळं धड निघू दे. आमच्या दीनानाथांचं सगळं उलटं. गाडी दारात आली त्याच्या चौथ्या दिवसापासून ते मनातल्या मनात एकच मागणं मागत होते, क्लच गेलेला निघू दे.

मी त्यांची बायको, शोभा. नवऱ्याचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर कधी सरळ घ्यायची वेळ आली नाही. पण सगळी गोष्ट 'हे' आणि 'यांनी' करत सांगितली तर ऐकणाऱ्याचा जीव जायचा. तेव्हा दीनानाथ.

तर दीनानाथ दीड वर्षापूर्वी खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीच्या जिन्यात पडले. लिफ्ट बंद होती आणि हातात कलिंगड होतं. कलिंगड वाचवायला गेले आणि डाव्या मांडीचं हाड मोडून बसले. कलिंगडाला ओरखडासुद्धा आला नाही. शेजाऱ्यांनी ते नीट घरी आणून दिलं, आणि मी रागाच्या भरात कामवालीला देऊन टाकलं. तेव्हापासून आमच्या घरात कलिंगड नाही.

मांडीत सळई घातली. हाड जुळलं, पण पाय वाळला. डावी पोटरी उजवीच्या निम्मी दिसायला लागली. व्यायाम घ्यायला ऋचा नावाची मुलगी यायची. ती दर महिन्याला पाय दाबून बघायची आणि म्हणायची, "काका, सत्तर टक्के आलाय." सहा महिने सत्तरच. पायाला मार्क देणारी मास्तरीण मी पहिल्यांदाच पाहिली.

हा माणूस बंदरातल्या एका शिपिंग कंपनीत तीस वर्षं नोकरीला होता. पनवेल ते उरण, रोज, कंटेनरच्या रांगांमधून स्वतः गाडी चालवत. पडल्यानंतर आमची जुनी गाडी मुलगा सत्यजीत पुण्याला घेऊन गेला. "बाबांना आता कुठे लागणार आहे?" असं म्हणाला. मनात काही नव्हतं त्याच्या, पण ते वाक्य दीनानाथांना सळईपेक्षा जास्त टोचलं. वर्षभर ते बाल्कनीत खुर्ची टाकून खालच्या लोकांचं पार्किंग कसं चुकतं ते बघत बसले. मला ते बघवत नव्हतं, हे इथे सांगून टाकते.

म्हणून एके दिवशी सकाळी चहा पिताना ते म्हणाले, "मी स्पोर्ट्स कार घेतोय," तेव्हा मी आधी हसले, मग भांडले, आणि शेवटी गप्प बसले. निळी, बारा वर्षांची जुनी, दोन दारं, दोन सीटं.

"डॉक्टर म्हणाले होते, ऑटोमॅटिक घ्या," मी म्हटलं.

"ऑटोमॅटिक म्हणजे डाव्या पायाला पेन्शन. मला त्याला कामावर घ्यायचंय."

"आणि भाजी कुठे ठेवायची?"

"तुझ्या मांडीवर."

गाडी विकणारा प्रितेश तळोज्याला नव्या टॉवरमध्ये राहत होता. परदेशी नोकरी लागली होती, म्हणून घाईत होता. फोनवर त्याने सांगितलं होतं, टायर सत्तर टक्के, क्लच ऐंशी टक्के. म्हणजे क्लचलाही मार्क होतेच.

संध्याकाळी आम्ही तिकडे गेलो. दीनानाथांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. मला वाटलं, आता स्टिअरिंगवर बसतील. ते बाजूच्या सीटवर बसले. "तुम्हीच चालवा, मी इंजिनाचा आवाज ऐकतो," असं प्रितेशला म्हणाले. अनोळखी पोरासमोर पाय चुकला तर, ही भीती होती. मला ती कळली. दोघं तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरले आणि चढण चढून पुन्हा वर आले. मी गेटपाशी उभी होते. गाडी वर आली तसा भपकन वास आला आणि मी ओढणी नाकाला लावली. प्रितेशने काच खाली केली. "सॉरी आंटी, इथल्या केमिकल कंपन्या संध्याकाळी गॅस सोडतात."

"आम्ही पनवेलचेच," मी म्हटलं, "आम्हाला काय नवीन आहे?"

तळोज्यात उभं राहून वास कसला म्हणून विचारणारा माणूस पनवेलचा नव्हे. आमच्याकडे कुठेही कसलाही वास आला की त्याचं खापर तळोज्यावर फुटतं. घरात दूध करपलं तरी मी आधी बाल्कनीचं दार लावते.

गाडी घेतली. प्रितेशनेच ती घरी आणून दिली आणि तो रिक्षाने परत गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे, रस्ते रिकामे असताना, दीनानाथ पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसले. मी शेजारी. कॉलनीतल्या कॉलनीत दोन फेऱ्या झाल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे काही आलं, ते मी दीड वर्षात पाहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी खाडीपर्यंत जाऊन आलो. चौथ्या दिवशी स्टेशनजवळचा पूल चढायला घेतला आणि अर्ध्यात इंजिन ओरडायला लागलं. ते ओरडतंय, काटा वर चढतोय आणि गाडी मात्र पुढे सरकायला तयार नाही. मागे रिक्षावाले हॉर्न बडवत होते. कसेबसे पूल उतरलो. गाडीत धुरकट वास भरला होता.

"तळोज्याची हवा आज इथवर आलीय की काय?" मी म्हटलं.

"नाही," दीनानाथ म्हणाले. "हा क्लच आहे."

ते डाव्या पायाकडे बघत होते.

सत्यजीतला फोन केला तो मीच, ती चूक माझी. तो म्हणाला, "आई, सरळ आहे. बाबांचा पाय पेडलवरून पूर्ण उठत नाही. अर्धवट दाबलेला राहतो, मग क्लच घासतो आणि जळतो. कोणाच्या तरी अंगावर गाडी जायच्या आधी ती विकू. माझ्या ऑफिसात एक जण घ्यायला तयार आहे. मी रविवारी येतो."

दीनानाथांनी फोन माझ्या हातातून घेतला. आवाज चढवला नाही. "रविवारी कोन गावाला ये. काशिरामच्या गॅरेजला. तो बघेल आणि सांगेल. पायाचा दोष असला तर गाडीची चावी तुझी. त्यानंतर मी कुठलीच गाडी चालवणार नाही, कधीच. पण क्लच आधीच गेलेला असला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

हा माणूस दिलेला शब्द मोडत नाही. सिगारेट सोडतो म्हणाले त्या दिवशी सोडली, आणि माझ्या भावाशी बोलणार नाही म्हणाले ते नऊ वर्षं बोलले नाहीत. त्यामुळे ही पैज मला नको होती. कारण खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं की दोष पायाचाच आहे.

त्या दुपारी मी आतल्या खोलीत आडवी झाले होते. बाहेरून कुरकुर ऐकू आली. दाराच्या फटीतून बघितलं तर दीनानाथ माझ्या शिलाई मशीनपुढे बसले होते आणि डाव्या पायाने पायदान दाबत होते. दाबायचे, हळूहळू सोडायचे, पुन्हा दाबायचे. तोंडाने आकडे मोजत होते. मशीन कुरकुरलं की दचकून माझ्या खोलीकडे बघायचे. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, चोरून अभ्यास करणाऱ्या पोरासारखा. मला रडू आलं आणि रागही आला, राग कोणावर ते कळलं नाही. संध्याकाळी ते दूध आणायला गेले तेव्हा मी मशीनच्या पायदानाला तेल घातलं.

रविवारी सकाळी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत आम्ही कोनला पोचलो.

काशिराम मूळचा करंज्याचा कोळी. अर्धं आयुष्य त्याने मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त केली. गुडघे बोटीवर चढायला तयार होईनात, तेव्हा जुन्या हायवेच्या कडेला गॅरेज टाकलं. दीनानाथांची आणि त्याची ओळख बंदरातली. त्याची बायको रंभा पनवेलच्या मार्केटात मासळी विकते आणि मी पंधरा वर्षं तिच्याकडूनच घेते. त्या दिवशी ती टेम्पोत बर्फाच्या पाट्या रचून मार्केटला निघायच्या तयारीत होती. आम्हाला त्या गाडीतून उतरताना बघून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाय, ही कनची गाडी घेतलीव? हिच्यान दोन पाट्या पन मावाच्या नाय."

"मी पण तेच म्हटलं होतं," मी म्हणाले.

काशिरामने सगळं ऐकून घेतलं. मग दीनानाथांच्या पायांकडे बोट दाखवलं. "बूट काडा, सायेब."

दीनानाथांच्या पायात डॉक्टरांनी दिलेले जाड तळव्याचे बूट होते. "कशाला?"

"देवलात आनि क्लचवर पायताण नाय. आमी बोटीवर बारा मयने अनवानी. इंजान पयला पायाला सांगतो, मंग कानाला."

दीनानाथांनी बूट काढले, मोजे काढले, पँट दुमडली. ती वाळलेली पोटरी रंभासमोर, गॅरेजसमोर उघडी पडली. घरी ते माझ्यासमोरसुद्धा लेंगा घालून असतात. मी दुसरीकडे बघितलं.

आधी काशिराम शेजारी बसला आणि दीनानाथांनी गाडी सर्व्हिस रोडच्या चढणीवर नेली. आवाज इथवर ऐकू आला, इंजिन ओरडत होतं. मग जागा बदलून काशिरामने चालवली. इंजिन तसंच ओरडलं. माझी आशा जरा वर आली. तेवढ्यात सत्यजीतची गाडी येऊन थांबली. कोन पुण्याहून येताना वाटेवरच पडतं, म्हणून तो थेट तिकडेच आला होता. बाबांचे अनवाणी पाय बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण त्याने वाकून नमस्कार केला.

काशिरामने गाडी सपाट जागेवर उभी केली. हँडब्रेक खेचला, इंजिन चालू ठेवलं, तिसरा गिअर टाकला आणि क्लचवरचा पाय उचलला. आम्ही सगळे बघत राहिलो. इंजिन जरासं दबलं आणि पुन्हा आपलं गुरगुरत राहिलं.

"मेला पायजे होता," काशिराम उतरत म्हणाला. "ब्रेक लावून क्लच सोडला की इंजान गप्पकन मरतो. नाय मेला. क्लच संपला. घासून पापड झालाय."

दीनानाथांनी डोळे मिटले. घेतलेल्या गाडीचा क्लच संपला हे ऐकून इतका सुखावलेला माणूस त्या गॅरेजने पाहिला नसेल.

पण सत्यजीत माझाच मुलगा, सोडतो कसला. "काका, क्लच गेला हे मान्य. पण घालवला कोणी? विकणारा ऐंशी टक्के म्हणाला होता. बाबांनीच चार दिवसांत जाळला नसेल कशावरून?"

काशिरामने हात फडक्याला पुसले. "पोरगा बरोबर बोलतो, सायेब. क्लच गेला ता क्लच सांगतो. कोनी घालवला ता नाय सांगत."

"माझा पाय कसा वाटला?" दीनानाथांनी विचारलं.

"दाबाला बेस हाय. पुरा दाबला नसता तर गिअर टाकताना कुरकुरला असता, ता नाय कुरकुरला. पन सोडाला? पाय अर्धा वर ठेवून चालवला तर चार दिवसांत पन जलतो. ता मी आज कसा सांगू?"

दीनानाथांनी आत वाकून इंजिन बंद केलं, चावी काढली आणि बॉनेटवर ठेवली. "सत्यजीत," ते म्हणाले, "मी शब्द दिला होता. दोष पायाचा नव्हता असं सिद्ध होत नसेल तर..."

"थांबा वो," काशिराम म्हणाला. "जललेला वास पयला कवा आला?"

"चौथ्या दिवशी. पुलावर," दीनानाथ म्हणाले.

"नाही," मी म्हटलं.

माझं मलाच तो शब्द बाहेर पडल्यावर कळलं. सगळे माझ्याकडे वळले. मी तळोज्याच्या त्या गेटपाशी पुन्हा उभी होते आणि ओढणी नाकाला लावत होते.

"त्याआधी आला होता. तळोज्याला, प्रितेशने गाडी चढणीवरून वर आणली तेव्हा. मी ओढणी नाकाला लावली होती. त्या दिवशी तुम्ही स्टिअरिंगला हातही लावला नव्हतात."

सत्यजीत हसला, वाईट नाही, पण हसला. "आई, तळोज्यात वास येणारच."

"तेच तर. मीही तसंच म्हटलं आणि सोडून दिलं. पण तो तळोज्याचा नव्हता."

"आता बाबांसाठी तू..."

काशिराम आत गेला आणि आदल्या दिवशी कुठल्यातरी गाडीतून काढलेली जुनी क्लचप्लेट घेऊन आला. ताटाएवढी, काळी पडलेली. त्याने ती कानशीने खसाखसा घासली आणि माझ्या नाकापुढे धरली. "असा?"

केस आणि पुठ्ठा एकत्र जाळल्यासारखा तो वास होता. डोक्यात चढला.

"हाच," मी म्हटलं. "तळोज्याचा मी वीस वर्षं बाल्कनीत घेतेय. तो आंबट असतो, नाहीतर सडक्या कोबीसारखा. त्याने घशात खवखवतं. याने नाही खवखवत, डोकं चढतं. त्या दिवशी माझं डोकं चढलं होतं, घरी येऊन मी बाम लावला होता. आठवतं ना?" हे मी दीनानाथांना विचारलं.

"लावला होतास," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, गाडी घेतली म्हणून डोकं दुखतंय."

सत्यजीतला अजून पटत नव्हतं. तेव्हा रंभा टेम्पोवरून खाली उतरली.

"ए पोरा, तुज्या आयचा नाक कसा हाय ता मना इचार. पंधरा वरसा झाली, बर्फातला पापलेट मी तिला एकदा पन इकू शकली नाय. कल्ला उगडते, नाक लावते नि गपचूप खाली ठेवते. बाकीच्या बायका मंग तिच्या मागशी येऊन तोच मासा सोडून जातान. माजा किती धंदा बुडवलाय या नाकान! ती बोलते गाडी जलत होती, तर जलत होती."

मला आजवर कोणी इतकं मोठं प्रशस्तिपत्र दिलेलं नाही. सत्यजीतने तो मुद्दा सोडला. पापलेटच्या बाबतीत माझ्याशी वाद घालायची हिंमत त्याची लहानपणापासून नाही.

"मी त्या प्रितेशला फोन करतो," तो म्हणाला. "ऐंशी टक्के म्हणे!"

"नको," दीनानाथ म्हणाले. "गाडी न चालवता घेतली, ती चूक माझी. आणि त्याने ऐंशी दिले काय, ऋचाने सत्तर दिले काय. असल्या मार्कांवर कशाला जायचं?"

पण ते अजून बॉनेटपाशीच उभे होते. चावी उचलली नव्हती. मी ओळखलं. क्लच आधीच गेला होता हे ठरलं होतं, पण पाय सोडायला धड आहे की नाही, हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. काशिरामनेही ओळखलं.

"पाय बगाचाय ना? मंग हिचा टेम्पो घ्या. याचा क्लच नवा हाय, नि असा कडक हाय का माजा पन पाय भरून येतो. चढणीवर अर्ध्यात उबा करा नि परत उचला. माग नाय जायाला पायजे."

"आनि गेला तर?" रंभा ओरडली. "माजी मासली हाय त्यान!"

काशिरामने थर्माकोलचा एक रिकामा खोका उचलला. "ह्यो मी मागल्या चाकाच्या माग ठेवतो, ईतभर सोडून. खोका फुटला तर पाय कच्चा. नाय फुटला तर पक्का."

टेम्पोत दीनानाथांच्या शेजारी मी चढून बसले. मासळीचा वास, बर्फाचं पाणी पायाशी, आणि त्यांचा अनवाणी पाय पेडलवर. सत्यजीत म्हणाला, "आई, तू उतर." मी नाही उतरले. चढणीच्या मध्यावर टेम्पो थांबला. आरशात काशिराम खोका ठेवताना दिसला. सत्यजीत रस्त्याच्या कडेला हात पुढे करून उभा होता. टेम्पो मागे आला तर हातांनी अडवणार होता की काय कोण जाणे!

दीनानाथांची मांडी थरथरत होती. मला दिसत होती. सत्तर टक्के, हा आकडा माझ्या डोक्यात नाचत होता.

"मशीनसारखं सोडा," मी म्हटलं. "दुपारी सोडता तसं."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मग समोर बघितलं. पाय हळूहळू वर यायला लागला. टेम्पोचं नाक जरासं उचललं, इंजिनाचा आवाज बसका झाला, त्यांनी हँडब्रेक सोडला. एक क्षण टेम्पो जागच्या जागी उभा राहिला, पुढेही नाही आणि मागेही नाही. आणि मग तो चढायला लागला, मागच्या पाट्यांसकट, सरळ चढणीच्या टोकापर्यंत.

खाली काशिराम खोका डोक्यावर धरून उभा होता. खोक्याला चरासुद्धा नव्हता. मी मोठ्याने हसले आणि हसता हसता डोळे पुसले. लाज कसली त्यात?

खाली आल्यावर सत्यजीतने बॉनेटवरची चावी उचलली आणि बाबांच्या शर्टाच्या खिशात टाकली. "माझं चुकलं," म्हणाला. एवढंच. त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ. दीनानाथांनी ती चावी काढून काशिरामला दिली. नवी प्लेट टाकायला तीन दिवस लागणार होते.

"नि माजा मार्केट?" रंभा म्हणाली. "तुमच्या पायापायी उशीर झाला. आता टेम्पो तुमीच न्या, सायेब. मी पोराच्या गाडीन येते."

ती खरंच सत्यजीतच्या नव्या, स्वच्छ ऑटोमॅटिक गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली, मांडीवर सुरमईची पाटी घेऊन. सत्यजीतने चारही काचा खाली केल्या.

आम्ही पुढे, ते मागे. जुन्या हायवेवर उन्हाचा तडाखा लागायला लागला होता. दीनानाथ गिअर बदलत होते आणि मी त्यांच्या पायाकडे बघायचं टाळत होते.

"मला पण पायच वाटला होता," मी सांगून टाकलं. ते पोटात ठेवून मला पुढचा रस्ता बसवलं नसतं.

"माहीत आहे."

"कसं?"

"मशीनला तेल घातलंस ना? क्लच वाटला असता तर कशाला घातलं असतंस?"

मी म्हटलं, "कुरकुर फार होत होती. मला झोप लागेना."

"तू झोपलीच नव्हतीस," ते म्हणाले. "फटीतून तुझी ओढणी दिसत होती."

सिग्नल लागला. त्यांनी टेम्पो थांबवला आणि मांडी चोळली.

"दुखतोय?"

"चांगला दुखतोय. काम केल्यासारखा."

सिग्नल सुटला. पाय वर आला आणि टेम्पो कसलाही धक्का न देता निघाला. मार्केटच्या आधी रस्त्याच्या कडेला कलिंगडांचा ढीग लागला होता. दीनानाथांनी वेग कमी केला.

"येताना एक घेऊ," ते म्हणाले.

"आणि जिन्यातून नेणार कोण? लिफ्ट कालपासून पुन्हा बंद आहे."

"मी," दीनानाथ म्हणाले.

मी नको म्हटलं नाही. मोठंसं बघून घ्या, एवढंच म्हटलं.